फादरांच्या खोलीचं दार

मावशींच्या डायरीतली सकाळची नोंद: शनिवार, १८ ऑक्टोबर. ऊन चांगलं. पडदे धुतले. आज चर्चच्या समितीची बैठक. भाचीच्या नोकरीचं ठरणार. न खाताच गेली.

भाची चर्चमधल्या तरुण मुलामुलींचं काम बघायची. त्याचं रीतसर शिक्षण घेऊन आली होती, पण समितीच्या लेखी ती गिटार वाजवणारी, खुर्च्या मांडणारी पोर. सेक्रेटरी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, तिला लाडानं ‘खेळताई’ म्हणायचे. बैठकीत तिला आत घ्यायचे ते चहा द्यायला. आज मात्र तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे ठरणार होतं.

तिचा एकच नियम कडक होता. मुलाशी एकट्यानं बोलायचं तर दार उघडं हवं आणि हाकेच्या अंतरावर दुसरं मोठं माणूस हवं. सगळ्यांनी तो कुरकुरत का होईना, पाळला होता.

बैठकीसाठी खुर्च्या नेताना तिनं पाहिलं, तर फादरांच्या खोलीचं दार बंद. आत नववीतली एक मुलगी उद्याच्या मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, करायच्या वाचनाचा सराव करत होती. शेजारच्या हॉलमध्ये गायकमंडळी घसा फोडत होती, म्हणून फादरांनी सहज दार लोटून घेतलेलं. आता फादर म्हणजे देवमाणूस. मागून आलेल्या सेक्रेटरींनी डोळ्यांनीच खुणावलं, चल पुढे. आजच्या दिवशी विषाची परीक्षा कशाला?

भाचीनं खुर्ची खाली ठेवली, टकटक केलं आणि दार सताड उघडलं.

“फादर, दार उघडं राहू दे. मी इथंच बसते.”

“अगं, फादरांनाही नियम?” सेक्रेटरी कुजबुजले.

“फादरांना सोडला, तर उद्या कुणाला लावू?”

फादरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मुलीला म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून वाच, आणि गाण्यापेक्षा मोठ्यानं. भाची उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसली. नोकरी गेली, असं तिनं मनाशी धरूनच टाकलं होतं.

बैठकीत फादरांनी घडलेलं सगळं स्वतःच सांगितलं, चूक आपली म्हणून. मग म्हणाले, “हे काम सोम्यागोम्याचं नाही. हिला कायम करा, आणि यापुढे ही इथं बसेल. आपल्या बरोबरीनं.”

कुणाचा हात वर यायचा राहिला नाही. सेक्रेटरी उठले आणि चहाची किटली घेऊन स्वतः तिच्यापुढे आले.

“साखर किती, ताई?” त्यातला ‘खेळ’ गळून पडला होता.

भाची घरी आली ती जवळजवळ पळतच. चपलाही न काढता स्वयंपाकघरात उभी राहून तिनं सगळं सांगितलं, सेक्रेटरींच्या कुजबुजीची नक्कल करून पुन्हा सांगितलं. मावशी शेगडीकडे पाठ करून दर वाक्याला ‘मग?’ म्हणत होत्या.

रात्री डायरीत त्यांनी लिहिलं: भाची कायम झाली. दूध उतू गेलं. चहा कोराच घेतला.