रूथचा केसपेपर

सिस्टर इंग्रजी शब्दांना ॲडमिट करून घ्यायच्या. थट्टा नाही, खरंच. परळीतल्या एका दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि आमच्या शेजारी एकट्या राहायच्या. रद्दीवाल्याकडून त्यांनी जुन्या इंग्रजी कवितांचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्याचं कव्हर गेलेलं, कवीचं नाव गेलेलं आणि कठीण शब्दांचे अर्थ दिलेली मागची पानं कुणीतरी भज्यांना वापरलेली. मग शब्द अडला की सिस्टर जुन्या केसपेपरच्या कोऱ्या बाजूला त्याची नोंद करायच्या. कुठल्या पानावर सापडला, शेजारी कोण होतं. अर्थ लागला की खाली लाल शाईत ‘डिस्चार्ज’.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि हातात नवा कोरा मोबाईल. अर्थ शोधायला तो काढला की त्या करवादायच्या.

“कावून गं त्याला इचारती? त्यो लगीच सांगतो, पन सोबत बसत न्हाई. पेशंट काय नाव इचारल्याबरूबर दुखनं सांगतो व्हय? दोन दिस उशाशी बसावं लागतंय.”

मग आम्ही बसायचो. संध्याकाळी ओट्यावर. थर्मल वीजकेंद्राच्या धुराड्यांची राख पानांवर उतरायची, सिस्टर ती पदराने टिपायच्या आणि एकेक ओळ इतक्या हळू वाचायच्या की मला गुंगी यायची. ‘वेल्किन’ आठ दिवस दाखल होता. एका कवितेत तो ढगांपाशी सापडला, दुसरीत पाखरांपाशी, तिसरीत चांदण्यांपाशी. नवव्या दिवशी मेथी निवडता निवडता सिस्टर थांबल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, “आभाळ हाय गं माय.” परळीच्या त्या करड्या आभाळाकडे आम्ही दोघी किती वेळ बघत राहिलो, कोण जाणे. मला ते त्या दिवशी पहिल्यांदाच दिसलं.

एक केसपेपर मात्र कायम पुस्तकाच्या वर असायचा. शब्द होता ‘रूथ’. अर्थ लागलेला होता, ‘करुणा’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलंही होतं. डिस्चार्ज तेवढा नव्हता. मी विचारलं.

“त्यो कवाच बरा झालाय,” सिस्टर म्हणाल्या. “पन न्यायला कुनी आलं न्हाई. रूथलेस म्हंत्यात अजून, म्हंजी निर्दयी. रूथलेस तेवढा बोलन्यात ऱ्हायला, नुसता रूथ कुनी तोंडात घेत न्हाई. असे पेशंट आस्तेत आमच्याकडं. गोळ्या बंद झाल्या तरी रोज दाराकडं बघत्यात.”

मी हसले. एकटी बाई, काहीतरीच बोलते, असं वाटलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पुढे मी गेवराईला इंग्रजी शिकवायला लागले. सिस्टर निवृत्त झाल्या. फोनवर म्हणायच्या, “ये की एकदा.” मी म्हणायचे, “येते हं, या रविवारी.” माझे रविवार कुठे जायचे, माझं मलाच माहीत.

एका सकाळी दवाखान्यातून फोन आला. “तुमचा नंबर पेशंटच्या पुस्तकात सापडला. न्यूमोनिया होता, बरा झालाय. चार दिवसांपूर्वीच सोडणार होतो, पण न्यायला कुणी नाही.”

सुट्टीचा अर्जही न देता मी मिळेल ती गाडी धरली.

सिस्टर खाटेवर बसल्या होत्या. वेणी घातलेली, पिशवी भरलेली, नजर दाराकडे. मला बघून म्हणाल्या, “पोरांचा तास बुडवलास व्हय गं?” आणि तोंड फिरवून डोळे पुसले. कागदावर सही करताना नात्याच्या रकान्यात मी ‘मुलगी’ लिहिलं. त्यांनी ते वाचलं आणि पिशवी उचलली.

गाडीत त्यांनी माझा पेपर तपासायचा लाल पेन मागून घेतला, पिशवीतल्या एका कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो पुस्तकात ठेवला. गेवराईला माझ्या घरी येऊन माझी खोली त्यांनी ताब्यात घेतली, मला खाली गादीवर धाडलं आणि रोज सकाळी त्यांची बुद्धवंदना झाली की माझ्या उच्चारांच्या चुका काढल्या. वर्षभर राहिल्या. मग एका दुपारी पुस्तक छातीवर ठेवून झोपल्या, त्या उठल्याच नाहीत.

वर्गात शब्द अडला की मुलं मोबाईल काढतात. मी म्हणते, थांबा, जरा बसा त्याच्याजवळ. मुलांना वाटतं, मॅडमचं काहीतरीच.

तो कागद मी त्या गेल्यावर उघडला. रूथचाच होता. गाडीच्या हादऱ्यांनी लाल अक्षरं वाकडी झाली आहेत, पण लागतात. करुणा. त्याखाली लाल शाईत, डिस्चार्ज. आणि अगदी कडेला, उरलेल्या जागेत दाटीवाटीने: न्यायला लेक आली.