कुंदासाठी सोडलेला खापा

टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला तरी बाबा बाहेर आले नाहीत. खाप्यातल्या आमच्या घरासमोर आमचा सगळा संसार टेम्पोत चढला होता. कपाट, गादी, माझ्या बायकोची, कुंदाची शिलाई मशीन आणि आईनं अगदी शेवटी आणून ठेवलेली लोणच्याची बरणी. आई कुंदाच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझी धाकटी बहीण शीला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. शेवटी मीच आत गेलो.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते.

"येतो बाबा."

"जा. पन घराचं डोकं कोन हाय, हे तिकडं तरी ध्यानात ठेवजो."

घरातलं कोणी साध्या परीक्षेला निघालं तरी बाबा डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. त्या दिवशी त्यांचे हात मांडीवरच राहिले.

खापा ते नागपूर म्हणजे काही परदेश नव्हे. सावनेरवरून बस पकडली की दुपारच्या जेवणाला माणूस पोचतो. आमच्याकडची मुलं पुण्याला गेली, दुबईला गेली. त्यांच्यापुढं माझ्या जाण्याला स्थलांतर म्हणायचं तर तीच हसतील. पण ती दरवर्षी परत येतात आणि त्यांच्यासाठी घरात पुरणपोळी होते. आमचं तसं नव्हतं. शीला तिथंच राहिली, तिला सगळं माहीत आहे. तरी माझ्या बाजूनं एकदा सांगावंसं वाटतं.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं, दोष कोणातच निघाला नाही. बाबा आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री. त्यांनी बाहेरगावच्या एका प्रचारकांना प्रार्थनासभांसाठी बोलावलं. शेवटच्या सभेत त्या गृहस्थांनी कुंदाला पुढं बोलावून सगळ्यांसमोर उभं केलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, या बहिणीच्या आयुष्यात लपवलेलं पाप आहे, म्हणून तिची कूस बंद आहे, ते तिनं आत्ता कबूल करावं. लोक 'आमेन' म्हणाले. त्या आवाजांत बाबांचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

कुंदा पदर मुठीत धरून उभी होती. रडत नव्हती. मी उठलो, तिचा हात धरला आणि मधल्या वाटेनं तिला बाहेर घेऊन आलो. 

बाबांचं म्हणणं असं, की देवाच्या सेवकाचा अपमान झाला. कुंदानं मंडळीसमोर माफी मागावी, तोवर तिनं प्रभुभोजनाला, उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाला, बसू नये. आणि तिला समजावणं हे नवरा म्हणून माझं काम.

कुंदा एवढंच म्हणाली, "माह्यं पाप कोनतं ते सांगा. मंग मी माफी मागीन."

ते कोणीच सांगू शकलं नाही. तिला प्रभुभोजन नाही, तर मलाही नको, असं मी बाबांना सांगितलं. आमच्या लग्नात त्यांनीच बायबलमधलं वचन वाचलं होतं. पुरुषानं आईबापाचं घर मागं ठेवून बायकोला धरून राहावं, आणि ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं नवऱ्यानं बायकोसाठी स्वतःला द्यावं, या अर्थाचं. किती जोडप्यांना त्यांनी ते सांगितलं असेल. मी ते खरं धरून चाललो, एवढंच.

सावनेरला मी कापडाच्या दुकानात होतो. त्या ओळखीवर नागपूरच्या गांधीबागेत साड्यांच्या ठोक दुकानात लागलो. मानकापूरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दिवसभर काउंटरवर "भैया, नया माल दिखाओ" ऐकायचं, स्टॉक लावायचा, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना फोनवर व्हिडिओ पाठवायचे. कुंदानं घरीच ब्लाऊज शिवायला घेतले. शेजारपाजारच्या बायका तिला टेलर मॅडम म्हणू लागल्या. मूल का नाही, हेही त्यांनी विचारलं. पण 'नाही झालं' एवढं उत्तर ऐकून त्या आपला ब्लाऊज घेऊन गेल्या.

रविवार मात्र जड जायचा. मी पाळकाच्या घरात वाढलेला माणूस. गायनाशिवाय रविवार मला सुटीसारखा वाटतच नव्हता. शहरातल्या एका मोठ्या चर्चमध्ये मी जाऊन बसू लागलो. शेवटच्या बाकावर. भाकर आणि द्राक्षारस घ्यायला लोक पुढं जायचे, तेव्हा मी बसून राहायचो. घरी आलो की कुंदा माझा चेहरा वाचायची.

एका दुपारी तिनं मशीन थांबवली. "तुमी आजही घेतलं नसन."

"तुह्याशिवाय नाही घेत."

"काहून? मी म्हटलं होतं काय?" तिचा आवाज चढला. "घर सोडलं, आईबाप सोडले, आता देवाचं जेवनही सोडलं. सगळं माह्यासाठी! तुमचं हे प्रेम मले उपकारावानी वाटून राहिलं. मी कुठं ठेवू ते?"

 स्वतःला देऊन टाकावं असं मी शिकलो होतो. दिलेलं समोरच्याला पेलवतं का, हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही एकमेकांशी फार जपून बोलत राहिलो, पाहुण्यांसारखे.

मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. नागपूरलाच करायचं होतं, म्हणून आई आणि बाबा आमच्याकडं आले. मला धास्ती होती. कुंदानं आपला पलंग त्यांना दिला, वेळेवर आईच्या डोळ्यांत थेंब घातले, बाबांना बिनसाखरेचा चहा न विचारता दिला. बाबा तिच्याशी "हो", "नाही" यापलीकडं बोलत नव्हते.

रविवारी सकाळी ते तयार होऊन बसले. "सून येऊन नाही राहिली काय?" त्यांनी मला विचारलं. तिला नाही, मला.

कुंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला कणीक लागलेली होती.

"बाबा, त्या दिवशी तुमीनं आमेन म्हटलं. तुमाले माह्यं कोनतं पाप दिसलं होतं?"

बाबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत राहिले. "मले नाही दिसलं," ते म्हणाले.

"मंग काहून म्हटलं?"

पट्टी बांधलेली आई पलंगावर उठून बसली होती. बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. चर्चला चला असं ते म्हणाले नाहीत. त्या रविवारी आम्ही चौघंही घरीच राहिलो. कुंदानं पोळ्या केल्या, बाबांनी अर्धी खाल्ली. परत जायच्या दिवशी बसस्टँडवर ते मला म्हणाले, "तिले सांग, माह्याजवळ उत्तर नाही." माफी हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. मी तो निरोप कुंदाला जसाच्या तसा दिला. तिनं ऐकून घेतला आणि सुईत दोरा ओवू लागली.

मागच्या नाताळाला आईनं फोनवर फार गळ घातली. कुंदा म्हणाली, "जाऊ. पन मी उपासनेले बसनार नाही. तुमी बसजा. माह्यासाठी थांबलेले मले पाहवत नाही."

आम्ही खाप्याला गेलो. सकाळी ती आईसोबत करंज्या तळत राहिली आणि मी मंडळीत शीलाच्या बाजूला बसलो. बाबा भाकर घेऊन माझ्यापुढं आले.  मी भाकर घेतली. इतक्या वर्षांनी घेतली, म्हणून मन भरून येईल असं वाटलं होतं. आलं नाही. आजूबाजूला सगळी ओळखीची तोंडं, सगळी गाणी पाठ. आणि माझं लक्ष आपल्या घराकडं, तिथं ती काय करत असेल याकडं.

घरी आल्यावर कुंदानं विचारलं, "कसं वाटलं?"

"एकटं."

ती हसली नाही, खूश झाली नाही. तिनं माझ्यापुढं गरम करंजी ठेवली आणि स्वतः समोर बसली. आमच्यातलं ते पाहुणेपण त्या बसण्यानं थोडं कमी झालं, असं मला वाटलं. सगळं मिटलं, असं मात्र मी म्हणणार नाही. बाबांना अजून उत्तर सापडलेलं नाही आणि कुंदा अजून प्रश्न मागं घेत नाही. मी दोघांसाठीही प्रार्थना करतो. कोणती करावी ते कळत नाही, म्हणून बहुतेक वेळा नुसता बसून राहतो.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाकावरच्या एका म्हातारीनं विचारलं, "खाप्याचेच काय वं तुमी?"

मी तोंड उघडायच्या आत कुंदा म्हणाली, "नाही जी. नागपूरचे."

मला ते फार लागलं. जन्म माझा खाप्याचा, आणि असं चारचौघांत ते कोणी कधी नाकारलं नव्हतं. पण ती खोटं बोलली नव्हती, म्हणून मी तिला दुरुस्त केलं नाही.

मानकापूरला उतरलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती.

"दूध नाही घरात," ती म्हणाली.

कोपऱ्यावरून दूध घेतलं, आणि घरी गेलो.