मुळांखालचा मासा

आकुर्डीत आम्ही तळमजल्यावरच्या एका खोलीत भाड्यानं राहायचो. मी चाकणच्या एका कारखान्यात लाइनवर होतो. एका सकाळी कंपनीच्या बसकडे जाताना मोटरसायकलनं उडवलं आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. आत रॉड घातला. पाय जमिनीला टेकवायचाच नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात दारावर कुणीतरी थाप मारली. मी उठायला गेलो आणि पडलो. तेव्हापासून बायको कामाला जाताना बाहेरून कुलूप लावायला लागली. वॉकर स्वयंपाकाच्या ओट्याकडे, माझा हात पोचणार नाही असा ठेवायची. तिचंही चूक नव्हतं. पण कुलपाचा तो खट्ट आवाज झाला की मी डोळे मिटून घ्यायचो. संध्याकाळपर्यंत भिंत, पंखा आणि खिडकीचे गज, एवढंच.

एक दिवस ती काचेची मोठी बरणी घेऊन आली. तोंडाशी प्लास्टिकची चाळणी, तिच्यात पीस लिलीचं रोप, खाली लोंबणारी पांढरी मुळं आणि मुळांमधून फिरणारा एक निळा फायटर मासा. "तुम्हाला सोबत," ती म्हणाली. नर्सरीवाल्यानं तिला सांगितलं होतं की मासा मुळं खाऊन जगतो, वेगळं काही घालावं लागत नाही. मला ते पटलं नाही. मी तिच्याकडून खाद्याचे दाणे मागवले.

बरणी समोरच्या फळीवर होती. दुसरं बघायला काही नव्हतं, म्हणून मी तिच्याकडेच बघत बसायचो. मासा अधूनमधून चाळणीखालच्या मोकळ्या जागेत यायचा, तोंड पाण्याबाहेर काढायचा, हवेचा घोट घ्यायचा आणि परत खाली जायचा; या जातीला वरची हवा लागतेच.

त्या दिवशी लिलीची पानं मलूल दिसली, म्हणून बायकोनं निघताना घाईघाईनं बरणी काठोकाठ भरली. ती गेली. थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं. मासा चाळणीला खालून धडका देत होता. वर हवा घ्यायला जागाच उरली नव्हती. तो मुळांत घुसायचा, बाहेर यायचा, पुन्हा धडकायचा. मग धडका हळू झाल्या.

बायकोला फोन लावला. कामावर तिचा फोन लॉकरमध्ये असायचा. नुसता वाजत राहिला. मी खिडकीकडे तोंड करून शेजारच्या काकूंना हाका मारल्या. काकू इथल्याच जुन्या गाववाल्या. त्या धावत आल्या, गजांना धरून आत डोकावल्या.

"काय झालं रं? पडलास का?"

"काकू, मासा मरतोय. त्याला हवा मिळेना."

"मासा व्हय? आन् दाराला तर कुलूप हाय!" त्यांनी झाडू आणला, दांडा गजांतून आत घातला. तो बरणीपर्यंत पोचेना. "आन् पोचलं तरी काच फुटायची," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे बाबा. तू उठू नकोस. म्या सांगते, उठू नकोस."

मासा आता मुळांत अडकून आडवा झाला होता.

मी पलंगावरून खाली उतरलो. दोन्ही हातांवर भार घेत, पाय सरळ ठेवून, फरशीवर सरकत गेलो. मांडीत कळ उठली की थांबायचो. फळीखालच्या स्टुलाला धरून डाव्या पायावर उभा राहिलो, रोपाला बुडख्याशी धरलं आणि चाळणीसकट उपसून काढलं. पाणी अंगावर सांडलं. मासा काही क्षण तसाच राहिला. मग एकदम वर आला.

"आला का वर?" काकूंनी विचारलं.

"आला." मला रडू फुटलं. एवढ्याशा माशासाठी मी रडतोय, याची लाजही वाटली.

पलंगावर परत चढता येईना. मी भिंतीला टेकून ओल्या फरशीवर बसलो. काकू सुपात लसूण सोलायला घेऊन खिडकीबाहेरच्या पायरीवर बसल्या आणि बायको येईपर्यंत बोलत राहिल्या.

बायकोनं दार उघडलं, मला तसं बघितलं आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"मासा दुसरा आणला असता," ती ओरडली. "तुमचा पाय कुठून आणायचा?"

"मला आत कोंडून जाऊ नकोस," मी म्हणालो.

"मग मी कामावर जाऊ कशी? दिवसभर जीव टांगणीला लागलेला असतो माझा."

तिनं आणि काकूंनी मिळून मला पलंगावर बसवलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं कुलूप लावणं सोडलं. काकू अधूनमधून दार लोटून आत यायच्या. एक्स-रेमध्ये रॉड जागेवरच दिसला, डॉक्टर मात्र खूप रागावले. लिली वेगळ्या बरणीत गेली, मासा रुंद तोंडाच्या काचेच्या टाकीत.

दार उघडं झालं, पण मी काही बाहेर गेलो नाही. पाय तोच होता. उघड्या दारातून रस्ता दिसायचा आणि ते बंद दारापेक्षाही जड जायचं. पुढे वॉकरवर चालायला परवानगी मिळाली, तेव्हा एका दुपारी बायकोनं मला बाहेर खुर्चीवर बसवलं. दुसऱ्या शिफ्टची माणसं डबे घेऊन घाईनं चालली होती. त्यांतला एक ओळखीचा थांबला. "काय भावा, कधी येतोस?" मी म्हणालो, "बघू." तो बस गाठायला पळाला. तो वळणाआड जाईपर्यंत मी त्याच्या पायांकडे बघत राहिलो. मग बायकोला म्हणालो, "आत चल." ती म्हणाली, "बसा अजून थोडं," आणि माझ्याशेजारी खाली उंबऱ्यावर बसली.