आठव्या साडीचा रंग

कापडावर छापलेला रंग वाळायला दोन तास लागतात. तेवढा वेळ टेबलाला हात लावायचा नसतो, मग तोंडाशिवाय चालवायला उरतं काय? मंगळवार पेठेतल्या साड्या छापायच्या कारखान्यात मी वीस वर्षं रंग कालवतोय. म्हणजे किती गप्पा साठल्या असतील, तुम्हीच बघा! माझ्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं मात्र डोळ्यांनी पाहिलेलं.

*

मालकीण शकूआक्का. पासष्टीच्या, पण आवाज असा की घाटावरची म्हैस पाण्यातनं वळून बघेल! त्यांच्याकडं रेवती नावाची डिझायनर पोरगी आली. म्हणाली, "आक्का, नदीच्या प्रदूषणावर साड्या करूया." पंचगंगेचं पाणी बाटल्यांत भरून तिनं खिडकीत मांडलं. एक बाटली हिरवी, एक काळपट, एक चहासारखी.

उन्हातनं गावाकडचे एक व्यापारी आले. आले ते थेट हिरवी बाटली तोंडाला!

"पावणं, थांबा! नदीचं पाणी हाय ते!" मी ओरडलो. तोवर दोन घोट पोटात.

पाव्हण्यांनी बाटली उजेडात धरली. "व्हय? तरीच म्हटलं, चव वळखीची लागतीया!"

*

पहिली साडी फेसाची. करड्या मलमलीवर पांढरे पुंजके. एक बाई आल्या आणि साडी गालाला लावून म्हणाल्या, "अगं बाई, काय नाजूक मोगरा काढलाय! लेकीच्या साखरपुड्याला असलीच पाहिजे."

"काकू, तो मोगरा नाही, नदीवरचा..." रेवतीनं तोंड उघडलं. आक्कांनी तिचा पाय दाबला.

"फक्त फुलं जरा मोठी हवीत," बाई म्हणाल्या.

"उन्हाळ्यात या की," आक्का म्हणाल्या. "पाणी आटलं की आपोआप मोठी होत्यात!"

*

तिसरी साडी मेलेल्या माशांची. काठभर मासे, पोटं वर.

आक्कांचं घर जैन. पाणी अजून फडक्यानं गाळून पितात. फडक्यात अडकलेले जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत परत सोडायचे, ही त्यांच्या माहेरची रीत. त्यांनी काठावर बोट ठेवलं.

"हे कुणी मारलं गं?"

 रेवतीनं नुसतं मागच्या मोरीकडं बघितलं. तिथनं आमचं रंगाचं पाणी गटारात, गटार नाल्यात आणि नाला नदीत. त्याच मोरीत मी तेव्हा लाल बादली ओतत उभा!

"बापू," आक्का म्हणाल्या, "आपण गाळून पितोय आणि न गाळता सोडतोय व्हय रं?"

कारखाना पंधरा दिवस बंद. अंगणात रंगाचं पाणी गाळायला वाळू-कोळशाचा हौद बांधून झाला, तेव्हाच टेबलावर परत कापड चढलं. त्या पंधरा दिवसांत मी गप्प होतो. हे मात्र कुणालाच खरं वाटत नाही!

*

सात साड्या झाल्या. रेवतीनं ठरवलेलं साड्यांचं प्रदर्शन जवळ आलं. रेवती खोकी भरायला लागली आणि आक्का दारात आडव्या आल्या.

"आठवी माझी. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला बाबांनी जिच्यात पवायला शिकवलं, त्या नदीचा रंग काढ बापू. ह्या सातांत नदी मेलेलीच हाय. जित्या नदीचं एक तरी कापड पायजे. त्याशिवाय एक बी साडी हलायची न्हाई."

मी कुठलाही रंग बघून जुळवतो. पण आता बघू कुठं?

निळा काढला. "हे सिनेमातलं."

हिरवा काढला. "हे तळ्याचं."

त्यात चिमूटभर पिवळा टाकला. "हे आजारी माणसाचं!"

"मग होतं तरी कसं, आक्का?"

"डोळ्यापुढं हाय रं. सांगता येत न्हाई."

*

घाटावर गेलो. बाकड्यावर दोन म्हातारे, तरुणपणापासूनचे पोहायचे जोडीदार. त्यांना विचारलं. एक म्हणाला आकाशी, दुसरा म्हणाला पोपटी.

"मी रोज पवलोय त्यात!"

"पवलास की. डोळं मिटून!"

झालं! दोघांचं बोलणं बंद. आठवड्यानं गेलो तर त्याच बाकड्याच्या दोन टोकांना दोघं, पाण्याकडं तोंड करून.

"काय बघालाईसा?" मी विचारलं.

"दिसतंय का ते बघालोय," दोघंही एकदम म्हणाले.

*

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी मी हात टेकले. रंगाच्या वाट्या संपल्या, मलमलीचं एक कोरं कापड तेवढं राहिलं होतं. खळ जावी म्हणून ते बादलीत भिजवलं. पिळायला उचललं आणि हातातनं निसटलं. पडलं ते स्टुलावर बसलेल्या आक्कांच्या पायांवर!

पातळ कापड, त्यात ओलं. खालची बोटं, नखं, टाचेजवळचा जुना व्रण, सगळं लख्ख दिसत होतं.

"चुकलं, आक्का," म्हणत मी उचलायला वाकलो. त्यांनी माझं मनगट धरलं. मग सावकाश उभ्या राहिल्या. नेसूची साडी दोन्ही हातांनी घोट्यांच्या वर उचलली आणि खाली बघत राहिल्या.

रेवती काहीतरी विचारायला पुढं आली.

"हलू नका कुणी," आक्का अगदी हळू म्हणाल्या. "गढूळ होईल."