दारावरचा डोळा

आमच्या समोरच्या दारातल्या भावजींना मजल्यावर सगळे ‘फडकं’ म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे. आमच्याकडे चहाला आले की कप उचलायच्या आधी टेबल पुसणार. एकदा मी मुद्दाम जॅम सांडून ठेवला, म्हटलं बघू तरी. बोलता बोलता त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि विषय न तोडता डाग घालवला. मी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. तो पेपर वाचत होता.

भावजी एका मोठ्या कंपनीच्या रेस्टॉरंटमध्ये होते. शंभरएक शाखा, सगळीकडे लाल खुर्च्या, सगळीकडे एकाच चवीचं सूप. भांडी घासायला लागले आणि नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी शाखेचे मॅनेजर झाले. मॅनेजर म्हणजे गळ्यात टाय आला, खिशातलं फडकं तेच. त्यांचं सात नंबरचं टेबल डुगडुगायचं. बदलून द्या म्हणून नऊ वर्षं अर्ज केले. शेवटी रोज सकाळी ते स्वतः कागदी नॅपकिनची आठपदरी घडी करून पायाखाली सरकवायचे. मी म्हणायचे, “एवढी काळजी बायकोची घेता का?” ते म्हणायचे, “ती डुगडुगत नाही, वहिनी.”

आणि मग कंपनीचं पत्र आलं. तीन शाखांमध्ये पुरेशी माणसं येत नाहीत, तीन महिन्यांत सुधारणा नसेल तर कुलूप. त्या तिन्हींत भावजींची होती. हाताखाली पाच माणसं, आणि स्वतः त्रेपन्न वर्षांचे. टाय लावलेल्या त्रेपन्न वर्षांच्या माणसाला पुन्हा भांड्यांवर तरी कोण घेणार?

“किती माणसं आली, हे त्यांना तिकडे बसून कसं कळतं हो?” मी विचारलं.

“दारावर डोळा बसवलाय. एवढासा, शर्टाच्या बटणाएवढा. खालून डोकं आत गेलं की एक.”

“गिऱ्हाइकाचं डोकं आणि बिनकामाचं डोकं, फरक कळतो त्याला?”

“डोकं ते डोकं.”

“मग घाबरता कशाला? आपल्या इमारतीत बिनकामाची डोकी ढिगानं आहेत. एक तर इथेच सोफ्यावर पडलंय.”

“ऐकतोय मी,” सोफ्यावरून आवाज आला.

भावजी हसले, पण लगेच गंभीर झाले. “नुसतं यायचं आणि जायचं? आणि बिलं?”

“बिलं येतील मागाहून. गर्दी बघून गर्दी येते.” हे मी अशा ठसक्यात म्हटलं की पुढे आख्खी इमारत तेच म्हणायला लागली. पत्रात बिलांचा शब्दही नव्हता, म्हणून भावजींना पटलं. खरं तर त्यांनी ते पटवून घेतलं.

झालं, सुरू झाली आमची वारंवार ये-जा. आत शिरायचं, सात नंबरला वळसा घालायचा, बाहेर. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर दिवसाला अकरा फेऱ्या मारायचे, त्यांची साखर उतरली. मी एकदा स्कार्फ बांधून जायचे, एकदा गॉगल लावून.

“वहिनी, डोळ्याला चेहरा दिसत नाही हो.”

“माझी हौस, तुम्हाला काय?”

प्रत्येक वेळी ते दार उघडून “या, बसा ना” म्हणायचे. खरंच म्हणायचे. रिकाम्या टेबलावरून फडकं फिरवायचे आणि आम्ही निघालो की मान वळवायचे. ते मी पाहत होते, तरी जीभ काही गप्प बसली नाही.

एका दुपारी नवरा-बायको आणि दोन मुलं दाराशी आली. खरं गिऱ्हाईक! आत आमचे मास्तर, मी, पहिल्या मजल्यावरचं सगळं कुटुंब. “जागा दिसत नाही,” म्हणून ती वळली. भावजी कोपऱ्यापर्यंत त्यांच्यामागे धावले. “जागा आहे! सगळी रिकामी आहे!” टाय उडतोय, हातात फडकं. त्या माणसांनी मागे बघितलं आणि चालण्याचा वेग वाढवला. आम्ही पोट धरून हसलो.

तीन महिने संपले आणि मुख्य कार्यालयातली साहेबीण आली. तिचं बोलणं मला नंतर शेजारणीनं, म्हणजे भावजींच्या बायकोनं, जिन्यात सांगितलं.

“तिन्ही शाखांत सगळ्यात जास्त माणसं तुमच्याकडे येतात,” साहेबीण म्हणाली. भावजींची छाती फुगली. “आणि बिलं बघितली तर न खाता परत जातात तीही तुमच्याकडेच. गिऱ्हाईक येतच नसेल तर जाहिरात करता येते. आलेलं पळून जात असेल तर काय करायचं? एवढं काय दिसतं हो त्यांना आत?”

बाकीच्या दोन्ही शाखांना सहा महिने वाढवून मिळाले. भावजींच्या शाखेला कुलूप.

“अगं, मग खरं सांगायचं ना!” मी म्हटलं.

“सांगितलं असतं तर खोटेपणा झाला म्हणून पाचही पोरांना चांगला दाखला मिळाला नसता, ताई. यांनी लिहून दिलं, माझीच सेवा कमी पडली.” ती जिन्याच्या कठड्याकडे बघत होती. “तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. वहिनींना वाईट वाटेल.”

शेवटच्या दिवशी आम्ही सगळे गेलो आणि पहिल्यांदाच खाली बसलो. माल येणं बंद झालं होतं, नुसतं सूप होतं. सगळी टेबलं भरली. भावजींनी प्रत्येकाला वाढलं, मास्तरांना दोनदा. मी सात नंबरवर होते. माझं सूप हिंदकळलं. वाकून पाहिलं तर त्या दिवशी घडी घातलेली नव्हती.

त्याला आता आठ महिने झाले. चार ठिकाणी नोकरीसाठी विचारून झालं, आणि चारही ठिकाणी त्यांच्या सहीचा तो कागद त्यांच्याआधी पोचला होता.

परवा बाजारातून परत येताना मी त्यांना भांड्यांच्या दुकानाकडे ओढलं. म्हटलं, जरा मन रमेल.

“काही घ्यायचंय का, वहिनी?”

“छे हो, नुसतं बघू.”

ते दाराच्या अलीकडेच थांबले. वर चौकटीकडे बघितलं.

“मग आत नको जायला,” म्हणाले. “आत कोणीतरी मॅनेजर असेल.”

मीही गेले नाही. आणि मला एकही थट्टा सुचली नाही.