सदतीस जन्मतारखा

रविवारी दुपारी जेवून पुन्हा संगणकासमोर बसलो तेव्हा आकडे असे होते: जुन्या डेटाबेसमध्ये रुग्ण ४,३१८, नव्यात पोचलेले ४,२८१. सदतीस माणसं मधेच कुठेतरी राहिली होती. बेरीज-वजाबाकी जुळली नाही की मला एका जागी बसवत नाही. मी गॅलरीत गेलो, कुंड्यांना पाणी घातलं, परत आलो. आकडा तोच.

पनवेलच्या जुन्या भागातल्या एका धर्मादाय दवाखान्यात माझी बायको औषधं देते. तिथला संगणक म्हातारा झाला होता आणि दवाखाना चालवणाऱ्या मंडळींनी नवी प्रणाली आणली होती. जुन्या नोंदी नव्यात नेऊन द्यायचं मी कबूल केलं होतं. कचेरीत पंचवीस वर्षं असलीच कामं करतो, तेव्हा दोन रविवारांत होईल असं म्हणालो होतो. हा तिसरा रविवार. मंगळवारी दवाखान्याची गाडी औषधं घेऊन वीटभट्ट्यांवर जायची होती, आणि पुड्या या वेळी नव्या यादीवरून बांधायच्या होत्या. यादीत नाव नसेल त्याची पुडी नाही.

एरर मात्र शेकड्यांनी होते. बहुतेक सगळे रुग्णांच्या भेटींच्या तक्त्यावर: या भेटीचा रुग्णच सापडत नाही. अशा वेळी शेवटचा एरर वाचून डोकं खपवायचं नाही, सगळ्यात पहिला शोधायचा. रुग्णाची ओळ आत गेली नसेल तर त्याच्या भेटी कुठे टेकणार? लॉग, म्हणजे एररची ती लांबलचक नोंद, उलटा वर नेत गेलो तेव्हा मूळ सापडलं. सदतीसही जणांची जन्मतारीख शून्य शून्य, शून्य शून्य, शून्य शून्य शून्य शून्य. जुना डेटाबेस असली तारीख निमूट ठेवून घ्यायचा. नवा म्हणतो, अशी तारीख नसतेच. बरं, रिकामी सोडावी तर तेही चालत नाही, कारण गोळी द्यायची की पातळ औषध, हे नवी प्रणाली वयावरून ठरवते.

मी सदतीस जणांना एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी ही तारीख दिली. सगळ्या ओळी आत गेल्या, मागोमाग त्यांच्या भेटीही. ४,३१८ बरोबर ४,३१८. मी यादी पाठवून दिली आणि चहा मागितला.

सोमवारी दुपारी कचेरीत बायकोचा फोन आला.

"अहो, तुमच्या यादीतली सदतीस माणसं एकाच दिवशी जन्मली का?"

"ते तात्पुरतं आहे गं. सावकाश बदलू."

"उद्या गाडी निघते. आपटा गावाकडच्या भट्टीवरची ती फिट येणारी मुलगी आठवते? मी सांगितली होती ती. तिला पंचेचाळीस वर्षांची करून ठेवलीय. मोठ्या माणसाच्या गोळ्या लिहून आल्यात तिच्या नावावर. मी तिला ओळखते म्हणून हात थांबला. बाकीच्यांतल्या किती जणांना मी ओळखते?"

मी पडद्यावर यादी उघडली.

"तुमची जन्मतारीख तरी कुठे खरी आहे म्हणा," ती म्हणाली. "मास्तरांनी एक जून लिहिली आणि तुम्ही एक जूनचे झालात."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दवाखाना गाठला. नोंदणीच्या टेबलावर सिस्टर होत्या. वीस वर्षं त्याच त्या खुर्चीत बसतात. मी जरा तक्रारीच्या सुरातच विचारलं, "सिस्टर, हे शून्य तुम्हीच टाकायचात ना?"

"मीच. रिकामं सोडलं की संगणक पुढे जाऊ देत नव्हता. माहीत नाही तर खोटी तारीख कशाला लिहू, भाऊ?"

"अंदाज तरी लिहायचा."

"लिहिलाय की. शेऱ्यात."

शेऱ्याचा रकाना मी नव्यात नेलाच नव्हता. पहिल्या रविवारी त्यावरून नजर फिरवली होती. 'भट्ट्या ३, आपटा' असलं काहीबाही दिसलं आणि कामाचं नाही म्हणून वगळून टाकलं. आता सिस्टरांनी समजावलं. भट्टीवर राबणाऱ्या बाया मुलाचं वय वर्षांत सांगत नाहीत. मूल कुठल्या भट्टीवर झालं आणि त्यानंतर किती भट्ट्या लागल्या, हे त्यांना अचूक ठाऊक असतं. भट्टी दिवाळीनंतर लागते आणि पावसाआधी उठते, म्हणजे एक भट्टी एक वर्ष. मोठ्यांच्या शेऱ्यात पहिलं मूल किती भट्ट्यांचं आणि लग्न त्याआधी किती वर्षं, असं लिहिलेलं होतं; लग्नाचं वय सिस्टर अठरा धरत.

मग काम सरळ होतं आणि मला त्याची लाज वाटत होती. नोंदणीच्या वर्षातून भट्ट्या वजा केल्या. छत्तीस जणांची वर्षं निघाली. ती मुलगी चार वर्षांची निघाली आणि यादीत तिच्यापुढे पातळ औषध आलं. बायकोने बाटली खोक्यात ठेवताना माझ्याकडे पाहिलं.

मंगळवारी मी गाडीबरोबर गेलो. हिशेब माझा होता, आणि मला तो माझ्या कानांनी ऐकायचा होता. मुलीची आई हातातला चिखल पुसत आली. सिस्टरांनी विचारलं, "ही कुठे झाली गं?"

"हितंच, आपट्याच्या भट्टीवं, बाय. चिखल तुडवाया घेतला तवा." ती बोटांवर मोजत गेली. "मंग दोन भट्ट्या नदीपल्याड, येक कर्जतकडं, आन् ही चवथी. तुमाला लिवून दिलंय ना मागं?"

"दिलंय. या साहेबांना पटत नव्हतं."

"त्यांना पोर नाय का?" ती म्हणाली आणि बाटली घेऊन गेली.

राहिला एक. दम्याचे आजोबा. त्यांच्या शेऱ्यात काहीच नव्हतं. विटांच्या रांगेला टेकून बसले होते. मी वय विचारलं. म्हणाले, "हाय तवढं हाय." कुठल्या भट्टीवर जन्मले, विचारलं. हसता हसता त्यांना खोकला लागला. "तवा भट्ट्या कुटं होत्या इथं? रान होतं."

तिथे माझ्याजवळ पर्याय होता. साठ लिहा, सत्तर लिहा, कुणी विचारणार नव्हतं आणि आकडा जुळला असता. सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या. मी वही मिटली.

आजोबांची ऐंशी सालची ओळ मी काढून टाकली; नव्या डेटाबेसमध्ये आज ४,३१७ आहेत. जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवता यावा म्हणून मी प्रणाली बनवणाऱ्यांना तीन पत्रं पाठवली. पोच आली, उत्तर नाही. आजोबांची पुडी सिस्टर हाताने नाव लिहून खोक्यात टाकतात. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतील. नव्या माणसासाठी मी टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी सारून ठेवली आहे, पण काचेखालचं कोण वाचतं, हे मला माहीत आहे.

गाडी जाण्याच्या मंगळवारी अकराच्या सुमाराला कचेरीत माझं लक्ष लागत नाही. मी जिन्यात जाऊन बायकोला फोन लावतो.

"टाकली का?"

"टाकली," ती म्हणते. "ठेवा आता, रांग आहे."