जिवंत हाताकडची दोरी

आजाऱ्याच्या खाटेला घंटीची दोरी कशी बांधायची, असं कुणी विचारलं की मावशी त्याला आधी उशाकडे नेऊन उभं करायची.

"पायथ्याशी उभं राहून बांधशील तर फसशील," ती म्हणायची. "समोरून पाहिलं की त्याचं डावं ते तुझं उजवं होतं. त्याच्या डोक्यामागे जा, तो बघतो तिकडे बघ आणि मग ठरव, जिवंत हात कुठला."

इस्पितळाच्या वॉर्डात तीस वर्षं तिने हेच केलं होतं. अंग पुसणं, कूस बदलणं, ओली चादर माणसाला न उठवता खालून ओढून काढणं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी सगळ्या गल्लीची ती मावशीच राहिली होती. सख्खं भाचरू एकही नव्हतं, पण मावशी म्हणणारी तोंडं मोजायला बसलं तर संध्याकाळ झाली असती. देवळाच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी तिला निरोप जायचा. देवळातल्या बायका आपल्या सुनांना सांगायच्या, "विश्वास बघायचाय ना? मावशीचे हात बघा."

आणि गेले चार महिने ते हात वन्संच्या सेवेत होते.

वन्सं म्हणजे तिची नणंद. नवऱ्याची थोरली बहीण, लग्न न केलेली. नवरा गेल्यावर वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दोघीच उरल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी वन्संची उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, बोलणं घोगरं झालं, पण अक्कल आणि आवाजातली जरब दोन्ही शाबूत राहिली. तिला उशांच्या उतरंडीवर बसतं ठेवावं लागे. खाली घसरून आडवी झाली की घशात कफ साठायचा आणि श्वास अडायचा. म्हणून खाटेपासून दोरी निघायची, खिडकीच्या चौकटीतून खाली उतरायची आणि तळमजल्यावरच्या घड्याळवाल्याच्या दुकानात एका पितळी घंटीला जाऊन मिळायची. मावशी बाहेर गेली आणि घंटी वाजली, की घड्याळवाल्याची बायको हातातलं टाकून जिना चढायची.

"आज तीन तास लागतील हो," त्या रविवारी सकाळी पावणेआठला मावशी दुकानाशी थांबून म्हणाली. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसला होता. "पाळकांनी देवळात साक्ष द्यायला, सगळ्यांपुढे आपला अनुभव सांगायला सांगितलंय. आधी तयारी, मग उपासना."

"जा, जा. घंटी वाजली की बायको वर. तिला तुमच्या वन्संचा राग येतो, पण राग ती पहिल्या पायरीवर ठेवून चढते."

"तुम्ही दोघं कधी यायचं उपासनेला?"

"मी तर न येताच आलोय की!" घड्याळवाल्याने भिंग कपाळावर चढवलं. "तुमचे पाळकच म्हणतात ना, माणसावर माया दिसली की विश्वास आहे असं समजायचं? मग माझी बायको संतीण झाली. तिला विचारलं तर म्हणते, देव आहे की नाही ते मला ठाऊक नाही, पण म्हातारीचं अंथरूण ओलं आहे ते ठाऊक आहे."

मावशी हसली. पण वळल्यावर तिचं हसू ओठांवरच वाळलं.

हा वाद घरातही रोजचाच होता. वन्संचं म्हणणं याच्या अगदी उलट. "माया काय, मांजरीलाही असते," ती वाकड्या तोंडाने म्हणायची. "तेवढ्यावर देवाचं माणूस ठरायला लागलं तर देवळात मांजरी बसवा." मंडळीतल्या बायकांना हे ऐकून राग यायचा. मावशी तिच्या हनुवटीवरचं सूप पुसायची. बायका म्हणायच्या, केवढं मोठं मन! कारण मागची गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

सव्वीस वर्षांपूर्वी मावशीला एक मुलगी होती. अकरा महिन्यांची. मावशी दुपारपाळीला वॉर्डात होती आणि पोर वन्संपाशी. पोरीला ताप चढला, झटके आले. इस्पितळ दोन गल्ल्या पलीकडे. वन्संनी दार लावून घेतलं, पोरीला मांडीवर घेतलं आणि ती प्रार्थनेला बसली. डॉक्टरकडे धावणं म्हणजे देवावर संशय घेणं, असं तेव्हा तिचं ठाम मत होतं. तीन तास ती बसली. मध्ये मध्ये एक गीत गुणगुणत होती, असं शेजारणीने नंतर सांगितलं. मावशी दुसऱ्यांच्या लेकरांची ताटं उचलून, हात धुऊन घरी आली तेव्हा पोर थंड झाली होती.

तिसऱ्या महिन्यात मावशी देवळात उभी राहिली आणि सगळ्यांसमक्ष म्हणाली, "मी वन्संना क्षमा केली." त्यानंतर त्या दोघींत या विषयावर एक शब्द झाला नाही. सव्वीस वर्षं एकाच शेगडीवर दोन कप चहा उकळत राहिला. ओठांत काय होतं ते सगळ्यांनी ऐकलं. पोटात काय आहे ते मावशीनेही कधी उघडून पाहिलं नाही. उघडायला वेळ कुठे होता? कुणाचं तरी अंथरूण कायम ओलंच असायचं.

देवळात त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. पाळक तरुण होते, आवाज छान होता, आणि एखादी गोष्ट पटली की ती सगळ्यांना पटेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

"आपण विचारतो, माझा विश्वास खरा कशावरून?" ते म्हणाले. "लांब जाऊ नका. ज्याने आपलं घर उजाड केलं त्याच्या तोंडात घास भरवता येतो का, एवढंच बघा. येत असेल तर पुरावा मिळाला. आणि तो पुरावा आज आपल्यात बसलाय. मावशी, या पुढे."

मावशी उठली. तिला बोलायची सवय नव्हती. मागच्या रांगेत एकीने दुसरीला ढोसलं, "बघ, अजूनही साडीला इस्त्री नाही. घरात वेळच मिळत नसेल." पाळकांनी तिला सोपं करून विचारलं, "मोठं काही नको. सकाळी उठल्यापासून वन्संसाठी काय काय करता, तेवढंच सांगा."

"काय करायचं," ती म्हणाली. "अंग पुसते. उशा लावते. सूप भरवते. बाहेर पडताना दोरी बांधते." वॉर्डातल्या नव्या बायकांना शिकवताना दाखवायची तसे तिने सवयीने हात पुढे केले. "दोरी नेहमी जिवंत हाताकडे. उशाकडे जायचं आणि..."

हात हवेतच थांबले.

आज सकाळी दोरी बांधताना ती उशाकडे गेलीच नव्हती.

सकाळी उशा लावून झाल्या आणि वन्सं गुणगुणायला लागली. अर्ध्या तोंडाने, सूर घरंगळत, पण चाल ओळखू येत होती. त्या दुपारच्या गीताची, तीच चाल. चार महिन्यांत, नव्हे सव्वीस वर्षांत ती या घरात कुणी काढली नव्हती. चादर सारखी करायला पायथ्याशी आलेली मावशी तिथेच खिळली. तिथूनच वाकून तिने दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मागे न बघता जिना उतरली. खाटेच्या कुठल्या दांड्याला बांधली? डोळ्यांपुढे तिला आपले हात दिसले, गाठ दिसली आणि गाठीच्या बाजूला चादरीवर पडलेला हात दिसला. सुजलेला, उलटा पडलेला, निर्जीव. उजवा.

देवळात सगळे तिच्या थांबलेल्या हातांकडे बघत होते. मग कुणीतरी हुंदका दिला. मावशीचा कंठ दाटून आलाय असं वाटून बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एकाने टाळी वाजवली आणि सगळं देऊळ टाळ्या वाजवू लागलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. तीन तास.

टाळ्यांमधूनच ती चालत बाहेर पडली.

रस्ता रिकामा होता, दुकानांची दारं ओढलेली. वारा एका सैल पाटीला भिंतीवर आपटत होता, थांबत होता, पुन्हा आपटत होता. मावशी पळत सुटली. पहिली गल्ली गेली. बंद दवाखाना गेला. पावाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर तिला दम लागला म्हणून ती थांबली, आणि पुन्हा निघाली तेव्हा चालत निघाली. थोडं अंतर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की दम कधीचा बसलाय. छाती शांत आहे, गुडघे दुखत नाहीत, आणि तरी ती बाजारातून भाजी घेऊन परतल्यासारखी रमतगमत चालली आहे.

तीस वर्षांत चुकली नाही ती गाठ आज चुकली, हे एक वेळ ठीक. हातांना दोष देता आला असता. पण हे पाय? यांना कोण सांगतंय हळू चाला म्हणून?

इस्पितळाची मागची भिंत लागली. या भिंतीपलीकडे ती त्या दुपारी होती, दोन गल्ल्यांवर, लोकांच्या चादरी बदलत. कुणी हाक मारली असती तर ऐकू आली असती. आतून एक थंड, समजूतदार आवाज म्हणत होता, बसू दे तिलाही तीन तास. तो आवाज परका नव्हता. त्यानेच हे चार महिने हनुवटीवरचं सूप पुसलं होतं की काय, असं वाटून मावशीला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

प्रार्थना तिला तोंडपाठ होत्या. त्यातली एकही आठवली नाही. वन्संना वाचव, हे शब्द जिभेवर आले, पण ते खोटे आहेत हे जिभेलाच कळलं. शेवटी जे निघालं ते एवढंच.

"देवा, मला पळव."

कुणी पळवलं की तीच पळाली, हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही. दुकानापाशी पोचली तेव्हा एक चप्पल पायात नव्हती.

"घंटी?" तिने विचारलं.

"नाही बुवा," घड्याळवाला म्हणाला. "आज अगदी शांत. बायको म्हणाली, म्हातारीला गाढ झोप लागलेली दिसते. अहो, काय झालं?"

ती जिन्यावर होती.

उशांची उतरंड ढासळली होती. वन्सं सपाट आडवी पडली होती, चेहरा काळानिळा, घशात खळखळ. डावा हात छातीवरून पलीकडे ताणलेला, बोटं आकड्यासारखी वळलेली. दोरी त्या बोटांपासून वीतभरसुद्धा लांब नव्हती. चादरीवर नखांनी ओढल्याच्या रेघा होत्या.

मावशीने तिला कुशीवर घेतलं, तोंडात बोट घालून कफ काढला, पाठीवर थापा मारल्या, पुन्हा काढला. एक श्वास आत गेला, अडकला, मग दुसरा गेला. ओठांवरची निळी छटा उतरायला बराच वेळ लागला. तिने उशा रचल्या, वन्संना बसतं केलं आणि स्वतः जमिनीवरच बसली.

खाटेवरून आवाज आला. "वहिनी. दोरी."

"हो."

"चुकून?"

मावशीने आपल्या हातांकडे पाहिलं. "हो" म्हणणं सोपं होतं. सगळं गाव "हो" म्हणालं असतं.

"मला माहीत नाही, वन्सं," ती म्हणाली. "आणि येताना मी वाटेत हळू चालले. ते मात्र चुकून नाही."

वन्संचा डावा डोळा तिच्यावर खिळला होता. उजव्या डोळ्यातून नुसतंच पाणी गळत होतं, ते रोजच गळायचं.

"मी दारापर्यंत गेले होते," वन्सं म्हणाली. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "त्या दुपारी. दोनदा. कडीला हात लावला. मग परत बसले. लोकांना सांगितलं, विश्वास. विश्वास होता की भीती, की तुझं पोर होतं म्हणून... मलाही माहीत नाही, वहिनी. आज सकाळी ते गीत म्हणून बघितलं. काही कळतं का म्हणून."

मावशीला रडू आलं नाही आणि क्षमा करावीशीही वाटली नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच जे होतं ते सगळं तिथेच, खाटेच्या दोन्ही बाजूंना, जागं बसलं होतं.

मग ती उठली. उशाकडे गेली, वन्संच्या डोक्यामागे उभी राहिली, ती बघते तिकडे पाहिलं. दोरी सोडून डाव्या दांड्याला बांधली.

वन्संनी हात उचलून दोरी ओढली. खाली घंटी वाजली.

"अहो, काय झालं?" जिन्यातून घड्याळवाल्याची बायको ओरडली.

"काही नाही. बघत होतो," मावशीने उत्तर दिलं.

"उद्यापासून," वन्सं म्हणाली, "तू बांधलीस की मी ओढून बघणार. रोज. मगच तू जायचं."

"बघा. मीपण बघणार."

तेवढ्यात खालून पुष्कळ पावलांचा आवाज आला. पाळकांचा स्वच्छ, मोठा आवाज बायकांना सांगत होता, जिना अरुंद आहे, सत्काराची फुलं सांभाळा, मावशीला आधी काही कळू देऊ नका. पावलं वर चढत होती. वन्संनी मावशीकडे पाहिलं.

"सांगणार?"

"सांगणार," मावशी म्हणाली. चादरीवरच्या नखांच्या रेघा तिने हाताने सारख्या करायला घेतल्या, मग हात मागे घेतला. त्या तशाच राहू दिल्या आणि दार उघडायला गेली.